सावधान, पुढे काम चालू आहे!

तुमच्या ऑफिसात लिफ्टशेजारी एक लाल सिलिंडर टांगलेला असेल. आग विझवायचा. आज जाता-येता त्याच्याकडे जरा नीट बघा. त्याच्या मानेला एक कार्ड बांधलेलं असतं. शेवटची तपासणी कधी झाली, पुढची कधी, सही कुणाची, सगळं त्यावर लिहिलेलं. अधूनमधून सायरन वाजतो, आपण सगळे हातातला चहा सांभाळत पार्किंगमध्ये जाऊन उभे राहतो, कुणीतरी डोकी मोजतं आणि पुन्हा वर. खुर्चीला पाठ नीट टेकते का, मॉनिटर डोळ्यांच्या उंचीला आहे का, वायर कुणाच्या पायात येते का, हे बघायलाही माणूस येतो. छानच आहे. असायलाच हवं.

पण मला सांगा, रात्री पावणेबाराला 'सकाळी नऊच्या आत लागेल' असा मेसेज जिथे येतो, त्या ग्रुपच्या मानेला असं कार्ड कुणी बांधलंय? एकाच मुलीला दोन बॉस आहेत आणि दोघांना एकाच वेळी उलट गोष्टी हव्या आहेत, याची शेवटची तपासणी कधी झाली? टीममधले दोघं सोडून गेले, त्यांचं काम उरलेल्या चौघांवर पडलं, त्याला आता आठ महिने झाले. याची नोंद कुठल्या रजिस्टरला आहे?

आजचा विषय हाच. याला एक जाडजूड नाव आहे, मनोसामाजिक जोखीम. घाबरू नका, हा स्पर्धा परीक्षेचा पेपर नाही. कॉर्पोरेट भाषेत 'सायकोसोशल रिस्क'. साध्या मराठीत सांगायचं तर काम ज्या पद्धतीने आखलंय, वाटलंय आणि चालवलंय, आणि तिथली माणसं एकमेकांशी जशी वागतात, त्यातून मनाला आणि मनाच्या वाटेने शरीराला होऊ शकणारी इजा. आणि यातला खरा फंडा असा की ही इजा ओल्या फरशीसारखीच आधी ओळखता येते, तिचा अंदाज बांधता येतो आणि बऱ्याचदा ती टाळताही येते.

लोच्या कुणात?

ऑफिसात कुणी 'मला झेपत नाहीये' म्हणालं की आपल्याकडे तीन ठरलेली उत्तरं मिळतात. बॉसचं उत्तर: 'प्रेशर कुणाला नाहीये?' घरचं उत्तर: 'आमच्या वेळी नव्हतं हो असलं काही.' आणि मित्रमैत्रिणींचं उत्तर: 'तू ना, फार मनाला लावून घेतेस.' तिन्ही उत्तरांचा अर्थ एकच. लोच्या तुझ्यात आहे.

आता गंमत बघा. कुणी ओल्या फरशीवरून घसरून पडलं तर आपण 'तुझे पायच नाजूक' असं म्हणतो का? आपण फरशी पुसायला सांगतो आणि तिथे पिवळा बोर्ड ठेवतो. मग मनाच्या बाबतीतच फरशी सोडून पायांची चौकशी का?

याचं उत्तर शोधायला जरा लंडनला जाऊ या. तिथल्या सरकारी कचेऱ्यांमधल्या नोकरदारांचा अभ्यास १९६७ साली सुरू झाला. सुमारे १८ हजार पुरुष. सगळे पगारी, कुणीही उपाशी नाही. तेव्हा सगळ्यांची समजूत अशी होती की हार्ट अटॅक हा साहेबांचा आजार. मोठी जबाबदारी, मोठं टेन्शन. प्रत्यक्षात निघालं बरोब्बर उलटं. हुद्दा जितका खालचा, तितके हृदयविकाराने होणारे मृत्यू जास्त. सगळ्यात खालच्या पायरीवर ते सगळ्यात वरच्या पायरीच्या सुमारे तिप्पट होते. सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हे सगळं हिशेबात धरूनही फरक पुरता मिटेना. मग १९८५ पासून मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरा अभ्यास हाती घेतला, १०,३०८ स्त्री-पुरुषांचा. त्यात एक गोष्ट ठळकपणे पुढे आली. स्वतःच्या कामावर ज्यांची स्वतःची सत्ता कमी, त्यांच्यात हृदयविकार जास्त.

म्हणजे ताण साहेबालाही असतोच. पण त्याच्या गाडीचा ब्रेक त्याच्याच पायाखाली असतो. मागच्या सीटवर बसलेल्याने कितीही पाय दाबला तरी गाडी थांबत नाही.

हेच अमेरिकेतल्या रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ साली एका साध्या चौकटीत मांडलं होतं. कामाची मागणी जास्त आणि ते कसं, कधी, कोणत्या क्रमाने करायचं हे ठरवायची मोकळीक कमी, हे कॉम्बिनेशन सगळ्यात वाईट. मागणी जास्त पण मोकळीकही जास्त असेल तर माणूस दमतो, पण शिकतोसुद्धा. जर्मनीच्या योहानेस झिग्रिस्ट यांनी १९९६ साली त्यात आणखी एक बाजू जोडली. तुम्ही जीव ओतता त्याच्या मोबदल्यात काय मिळतं? आणि मोबदला म्हणजे फक्त पगार नाही. मान, पुढे जायची संधी आणि नोकरी टिकेल याची खात्री, हेही त्यातच. तुमच्या प्रेझेंटेशनवर दुसऱ्याचं नाव आलं त्या दिवशी झोप का लागली नाही, कळलं?

धोका वेगळा, जोखीम वेगळी

इथे एक बारीक फरक समजून घ्या, पुढचं सगळं सोपं होईल. धोका म्हणजे ज्याने इजा होऊ शकते ती गोष्ट. जोखीम म्हणजे ती इजा होण्याची शक्यता किती आणि झाली तर किती मोठी, याचा अंदाज. जिन्यात सांडलेलं तेल हा धोका. त्या जिन्यावरून रोज दोनशे माणसं जातात की महिन्यातून एक, यावर जोखीम ठरते.

ऑफिसातही तसंच. माझ्या ओळखीच्या एका सीए मैत्रिणीचा रिटर्न भरायच्या मुदतीआधीचा पंधरवडा भयानक असतो. घरचे तिचा चेहरा विसरतात. पण तो संपतो, त्यानंतर ती चार दिवस कोकणात जाऊन पडते आणि फर्मवाले तिला फोन करत नाहीत. दुसरी एक मैत्रीण हिंजवडीला आयटीत. तिच्याकडे तसा एकही पंधरवडा नाही. तिच्याकडे बारा महिने थोडं-थोडं तेच. रोज रात्रीचा अमेरिकेचा कॉल, रोज सकाळी साडेनऊला इथलं स्टँड-अप, आणि मधल्या वेळात म्हणे झोप. बाहेरून बघणाऱ्याला सीएचं काम जास्त भीषण वाटेल. जोखीम मोजायला बसलात तर आयटीवालीची जास्त निघेल.

म्हणून मोजताना पाच प्रश्न विचारायचे. किती वेळा घडतं? किती काळ चाललंय? किती जणांना लागतंय? लागलं तर किती खोल? आणि मधे सावरायला वेळ मिळतो का? शेवटचा प्रश्न आपण नेहमी विसरतो. नवरात्रात नऊ रात्री जागून गरबा खेळणारा माणूस दहाव्या दिवशी झोपतो, म्हणून त्याला काही होत नाही.

तासांचं म्हणाल तर एक आकडा लक्षात ठेवा. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त आणि हृदयविकाराने मृत्यू होण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त. २०१६ या एका वर्षात अशा लांबलेल्या तासांपायी जगभरात सुमारे ७ लाख ४५ हजार माणसं गेली, असा त्यांचा अंदाज. ५५ तास म्हणजे किती? पाच दिवसांचा आठवडा असेल तर रोज अकरा. सहा दिवसांचा असेल तर रोज सव्वानऊच्या आत-बाहेर. लोकल आणि ट्रॅफिक यात धरलेलं नाही बरं का.

सहा खण

बरं, मग ओळखायचं कसं? 'ऑफिसात वाट लागलीये' हे काही मोजमाप नाही. इथे ब्रिटनच्या आरोग्य आणि सुरक्षा खात्याने २००४ साली एक चांगली सोय करून ठेवली आहे. त्यांनी कामातल्या ताणाची सहा खणांत वाटणी केली आणि ३५ विधानांची एक प्रश्नावली बनवली. 'नेहमी', 'क्वचित', 'कधीच नाही' अशी उत्तरं द्यायची. सहा खण आपल्या भाषेत असे:

मागणी. काम किती, किती वेळात, कुठल्या जागी. जेवायला खरंच वेळ मिळतो, की डबा कीबोर्डशेजारी उघडा पडलेला असतो? घाई कधीतरी असते की 'अर्जंट' हा शब्दच आता नॉर्मल झालाय?

मोकळीक. काम कसं करायचं, आधी काय, नंतर काय, सुट्टी कधी, यात तुमचं ऐकलं जातं का? कॉल सेंटरमधल्या मुलांना विचारा, पाणी प्यायला उठायचं तरी स्क्रीनवर कारण निवडावं लागणं म्हणजे काय.

आधार. अडलं तर विचारायला कोण? बॉस मदत करतो की 'सोल्युशन घेऊन या, प्रॉब्लेम नको' असं सुनावतो? शेजारच्या टेबलावरचा सहकारी हात देतो का? प्रश्नावलीत बॉसचा आधार आणि सहकाऱ्यांचा आधार वेगवेगळा मोजतात. बरोबरच आहे. कित्येकांची नोकरी शेजारच्या टेबलामुळे टिकलेली असते.

नाती. आरडाओरडा, टोमणे, मुद्दाम मीटिंगला न बोलावणं, आडनाव किंवा गाव यावरून केलेले 'गमतीचे' विनोद. लैंगिक छळ तर थेट कायद्याच्या कक्षेत येतो. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी त्यासाठी अंतर्गत समिती असलीच पाहिजे. तुमच्या समितीवर कोण आहे, हे न बघता सांगता येतंय का?

भूमिका. तुमचं काम नक्की काय, हे तुम्हाला आणि इतर सगळ्यांना माहीत आहे का? भरती 'कंटेंट'साठी, आणि करताय इव्हेंटच्या खुर्च्यांचा हिशेब. किंवा दोन बॉस, दोन दिशा.

बदल. नवीन सॉफ्टवेअर, नवीन टीम, टाळेबंदीच्या कुजबुजी. बातमी तुम्हाला ऑफिसकडून कळते की चहाच्या टपरीवर?

बघा, या सहामध्ये 'स्वभाव' नावाचा खण नाही. माणसांचे स्वभाव वेगवेगळे असतात आणि तीच फरशी कुणाला कमी लागते, कुणाला जास्त, हे खरंच. पण तपासणी फरशीपासून सुरू करायची असते.

आमचा बँकवाला

हे सगळं कागदावर ठीक, प्रत्यक्षात होतं का? तर आमच्या ग्रुपमधल्या बँकवाल्याची गोष्ट ऐका. नाव देत नाही, कारण त्याचं अप्रेझल जवळ आलंय. बँकेचंही देत नाही.

एकोणतीस वर्षांचा मुलगा, खासगी बँकेची शाखा, कामाला वाघ. गेल्या वर्षी त्याला एक विचित्र दुखणं लागलं. रविवारी संध्याकाळी सहा वाजले की पोटात पिळवटायला लागायचं. रात्री दोनला जाग, मग डोळा लागायचा नाही. ॲसिडिटीच्या गोळ्या खिशातच. सगळे रिपोर्ट नॉर्मल. त्याची आई दृष्ट काढायची. बँकेने त्याहून मोठा उपाय केला, त्याला 'स्ट्रेस मॅनेजमेंट'च्या वर्कशॉपला पाठवलं. दुसऱ्या शनिवारी! म्हणजे महिन्यातल्या हक्काच्या दोन सुट्टीच्या शनिवारांपैकी एक श्वास कसा घ्यावा हे शिकण्यात गेला. परत आल्यावर तो स्वतःच म्हणायला लागला, 'मीच वीक आहे यार.' ते ऐकून आम्ही सगळे चपापलो. कॉलेजात हाच पोरगा परीक्षेच्या आदल्या रात्री सिनेमाला जायचा.

मग एका रविवारी आम्ही वहीचं पान फाडलं आणि त्याच्या शाखेचे सहा खण भरले. प्रत्येकापुढे काय घडतं, किती वेळा, कधीपासून, आणखी कुणाला. 'मला वाटतं' लिहायचं नाही, फक्त 'असं होतं' लिहायचं, एवढा एकच नियम.

मागणीच्या खणात दिवसाला दहा तास. आम्हाला वाटलं, हेच कारण. तो म्हणाला, 'त्याचं काही नाही रे, गिऱ्हाईकांची गर्दी मला आवडते.' मोकळीक: दहा, एक आणि पाच वाजता आकडे विचारणारा कॉल, त्यामुळे हातातलं कुठलंच काम सलग होत नाही. भूमिका: शाखेचे साहेब म्हणतात, आधी रांग संपव. वरचे सेल्सवाले साहेब म्हणतात, आधी पॉलिसी वीक. दोघंही त्याला मार्क देणार. बदल: टार्गेटचा तक्ता महिन्याच्या मध्यात बदलतो, मेलवर कळतं. आधार: दोघांच्या बदल्या झाल्या, आला एकच. आणि नात्यांच्या खणात पोहोचलो तेव्हा तो जरा वेळ गप्प बसला. मग सांगितलं, की रोज संध्याकाळी शाखेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यात खालची तीन नावं लाल रंगात येतात. अंगठे आणि टाळ्या वरच्या तिघांना. लाल नावांखाली कुणीच काही लिहीत नाही.

पान भरून झाल्यावर चित्र लख्ख होतं. तास वरच्या नंबरला नव्हते. दोन साहेबांची ओढाताण आणि ती लाल यादी, या दोन गोष्टी रोज घडत होत्या, वर्षभर घडत होत्या आणि शाखेतल्या सातही जणांना लागत होत्या. सातातल्या तिघांच्या खिशात त्याच गोळ्या होत्या. वर्षात दोघं सोडून गेले होते. एका माणसाचं पोट दुखलं तर प्रकृती म्हणता येईल. सातातल्या तिघांचं दुखतंय तर मेसच्या भाजीकडे बघायला हवं ना?

पुढचं महत्त्वाचं. तो एकटा साहेबांकडे गेला नाही. पाच जण मिळून गेले. 'आम्हाला टेन्शन आहे' म्हणाले नाहीत, सहा ओळींचा कागद ठेवला. साहेबांनी तो दोनदा वाचला आणि स्वतःचा फोन पुढे केला. शाखाप्रमुखांच्या ग्रुपवर त्यांचंही नाव लाल रंगात होतं, सलग चौथ्या आठवड्यात.

सगळं बदललं का? नाही. साहेबांच्या हातात होतं तेवढं झालं. शाखेच्या ग्रुपवरची लाल यादी बंद झाली. एकचा कॉल बंद झाला. दुपारी बारापर्यंत फक्त काउंटर, पॉलिसीचं नाव नाही, असं ठरलं आणि ते वरच्या साहेबांना लेखी कळवलं गेलं. टार्गेट तेच राहिलं. रिकामी जागा अजून रिकामीच. पण तीन महिन्यांनी त्याची गोळी सुटली आणि झोप बरीचशी परत आली. एखाद्या रविवारी अजून पोटात गोळा येतो. तो दुसरी नोकरीही बघतोय. आणि परवाच्या इंटरव्ह्यूमध्ये त्यांनी 'काही प्रश्न आहेत का?' असं विचारल्यावर हा पठ्ठ्या म्हणाला, 'मला बॉस किती असतील?'

एचआरवाल्यांनो, इकडे लक्ष द्या

आम्ही केलं ते वहीच्या पानावर. कंपनीने करायचं तर नीट करता येतं, त्यासाठी चंद्रावर जायला नको. २०२१ साली 'आयएसओ ४५००३' नावाची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका निघाली, ती याच विषयावर आहे. पायऱ्या साध्या आहेत.

आधी हाताशी आहे ते बघा. आजारपणाच्या रजा कुठल्या टीममध्ये वाढल्यात? राजीनामे कुठून येतायत? मध्यरात्रीनंतर कुणाचे लॉगिन दिसतात? शिल्लक रजा कुणाच्या लॅप्स होतात? मग निनावी प्रश्नावली द्या. पण निनावी म्हणजे खरंच निनावी. पाच जणांच्या टीममध्ये 'लिंग: स्त्री, अनुभव: सात वर्षं' असं भरायला लावलंत तर ते निनावी कसलं? छोट्या टीम एकत्र करून आकडे काढा. जपानकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. अतिकामाने मरण्याला तिथे 'कारोशी' असा स्वतंत्र शब्द आहे, २०१४ साली त्याविरुद्ध कायदा झाला आणि २०१५ च्या डिसेंबरपासून ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी वर्षातून एकदा ताणाची तपासणी सक्तीची झाली. त्यातला निकाल थेट कर्मचाऱ्याच्या हातात जातो. त्याच्या परवानगीशिवाय मालकाला तो बघता येत नाही.

प्रश्नावलीनंतर बोला. साहेब खोलीत नसताना. आकडा सांगतो कुठे दुखतंय, माणूस सांगतो का दुखतंय. त्यानंतर उपाय, आणि उपायांचाही क्रम असतो. आधी मुळावर घाव. कामाची वाटणी, माणसांची संख्या, कॉलच्या वेळा, कोण कुणाचा बॉस. मग मॅनेजर लोकांचं ट्रेनिंग. आणि मग ज्याला इजा झालीच आहे त्याला समुपदेशन, रजा, परत येताना हलकं काम. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी शेपटीपासून सुरुवात होते. बुधवारी योगा, शुक्रवारी फ्रूट बास्केट, जागतिक मानसिक आरोग्य दिनाला सेल्फी पॉइंट. योगाला माझा विरोध नाही, मी स्वतः करते. पण फरशी ओलीच ठेवून तोल सांभाळायचे क्लास घेणं हा काय प्रकार झाला?

आणि शेवटची पायरी, सहा महिन्यांनी पुन्हा मोजा. लाल सिलिंडरच्या कार्डावर पुढची तारीख असते, ती यासाठीच.

कायद्याचं काय?

थोडक्यात सांगते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे. त्याला अपवाद आहेत, आणि मॅनेजरच्या हुद्द्यावरची माणसं त्यातून सुटतात. आपल्याकडे तर नोकरीला लागून तीन वर्षं झाली की कार्डावर 'मॅनेजर' येतंच! ऑफिस सुटल्यावर फोन न उचलण्याचा हक्क फ्रान्समध्ये २०१७ पासून कायद्यात आला. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ च्या अखेरीस लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं होतं, पण त्याचा कायदा झाला नाही. आणि हो, जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली 'बर्नआउट'ची व्याख्या केली तेव्हा त्याला आजार म्हटलेलं नाही. कामाच्या ठिकाणच्या दीर्घकाळ न आवरलेल्या ताणातून उद्भवणारी, कामाशी निगडित अवस्था असं म्हटलंय. गळून जाणं, कामाबद्दल मन विटणं आणि आपल्याकडून काही धड होत नाही असं वाटणं, ही तिची तीन लक्षणं. व्याख्येतच फरशी आहे, पाय नाहीत.

या आठवड्याचा होमवर्क

• वहीचं एक पान. सहा खण. दोन आठवडे रोज रात्री दोन मिनिटं, फक्त घडलेलं लिहायचं. तारीख आणि वेळेसकट.

• प्रत्येक नोंदीपुढे पाच प्रश्न: किती वेळा, किती काळ, किती जणांना, किती खोल, सावरायला वेळ मिळाला का.

• वरच्या दोनच गोष्टी निवडा. त्यातली एक तरी तुमच्या थेट साहेबांच्या हातातली असू द्या.

• एकट्याने जाऊ नका. सहकाऱ्याला 'तू ठीक आहेस ना?' असं विचारलंत तर 'हो' असंच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा, 'तुला रविवारी संध्याकाळी कसं वाटतं?' मग बघा.

• तुम्ही स्वतः टीम लीडर असाल तर तुमच्या खालच्यांचं पान मागा आणि वाचताना मध्ये बोलू नका.

• आणि पान भरायचंही त्राण नसेल, झोप-जेवण पार बिघडलं असेल, नको ते विचार येत असतील, तर कागद राहू द्या. आधी माणसाशी बोला. डॉक्टर, घरचं कुणी, किंवा सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत हेल्पलाइन, १४४१६. चोवीस तास चालू असते, मराठीत बोलता येतं.

पान भरून झालं की मला कळवा, तुमच्या ऑफिसात पहिल्या नंबरला कुठला खण आला. माझी पैज 'भूमिके'वर. भेटू पुढच्या आठवड्यात. आणि हे वाचताना ऑफिसचा फोन वाजला असेल आणि घड्याळात रात्रीचे नऊ वाजून गेले असतील, तर तीही एक नोंदच आहे. लिहून ठेवा.